स्टॉप-मोशन वर्गात शिकवताना: आधी कच्ची फिल्म, मग पक्की

स्टॉप-मोशन म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत दर वेळी एक फोटो काढायचा आणि ते फोटो भराभर चालवून ती आपण होऊन हलते असं दाखवायचं. याचे तास बहुतेक वेळा असे जातात. पहिल्याच दिवशी क्ले वाटली जाते. मुलं दोन तास रंगून बाहुल्या करतात. तिसऱ्या तासाला मोबाइल उभा राहतो आणि चौथ्या तासाला लक्षात येतं की बाहुलीचे पाय तिला पेलत नाहीत, गोष्ट गटातल्या चौघांच्या डोक्यात चार तऱ्हेची आहे आणि जमा झालेत जेमतेम तीस हललेले फोटो. मग शिक्षक रात्री बसून ते कसेबसे जोडतात. मुलं क्ले मळायला शिकतात, अ‍ॅनिमेशन राहूनच जातं.

चूक क्रमात होते. माझ्या वर्गातही पहिली दोन वर्षं हेच झालं. आता मी एक नियम पाळतो: कागदाच्या कपट्यांची कच्ची फिल्म तयार होऊन ती परक्या माणसाने पाहिल्याशिवाय क्लेचा डबा उघडायचा नाही. खालचे सगळे टप्पे त्या नियमाभोवती बांधले आहेत.

हिशेब 10 ते 15 वर्षांच्या मुलांचा, चौघांचा एक गट, 40 मिनिटांचे 12 तास आणि 15 सेकंदांची फिल्म असा धरला आहे. तास कमी असतील तर फिल्म 8 सेकंदांची करा. चाचणीचा तास मात्र कापू नका, नेमका तोच कापायचा मोह होतो.

## तयारी: मुलांच्या आधी तुम्ही

पाच सेकंदांची एक फिल्म स्वतः करा. एखादं खोडरबर टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्या, एवढंच. त्यात मोबाइल कुठे हलतो, ॲपमध्ये फोटो पुसायचा कसा, फाइल कुठे जाऊन बसते हे सगळं कळतं. वर्गात तीस मुलांसमोर ते शोधत बसायला नको.

मग सामान. प्रत्येक गटाला एक मोबाइल किंवा टॅबलेट, तो घट्ट धरून ठेवणारा स्टँड, दोन टेबललॅम्प, चिकटपट्टी, पुठ्ठा, रंगीत कागद, कात्री. ॲप कुठलंही चालेल. त्यात तीन गोष्टी हव्यातच: आधीचा फोटो पुसट दिसण्याची सोय, म्हणजे ऑनियन स्किन; सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती फोटो, ते ठरवण्याची सोय; आणि फोकस व प्रकाश लॉक करण्याची सोय. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ॲपमध्ये हे मिळतं.

स्टँड नसेल तर जाड पुस्तकांचे दोन ढीग करा, वर पट्टी आडवी टाका आणि मोबाइल पट्टीला चिकटपट्टीने बांधून भिंग खाली येईल असा ठेवा. कागदी कटआउटसाठी, म्हणजे कागदातून कापून टेबलावर आडव्या ठेवलेल्या पात्रांसाठी, ही वरून खाली बघणारी मांडणीच सर्वांत सोयीची. पात्राला उभं राहावं लागत नाही, त्यामुळे ते पडतही नाही. पहिल्यांदा शिकवत असाल तर अख्ख्या वर्गाला कटआउटच द्या.

तपासा: मोबाइल पूर्ण चार्ज आहे का? जागा मोकळी आहे का? एअरप्लेन मोड सुरू आहे का? शॉटच्या मध्यात फोन आला की मोबाइल थरथरतो आणि फ्रेम सरकते.

## टप्पा 1: कुणासाठी आणि कशासाठी

“तुम्हाला आवडेल ती गोष्ट करा” असं सांगितलं की हमखास मारामारी आणि स्फोट येतात. मुलांकडे कल्पना नसतात असं नाही. प्रेक्षक समोर नसतो, म्हणून निवड कशावर करायची ते कळत नाही.

गटाला एक खरा प्रेक्षक द्या आणि त्याला भेटायला पाठवा. लहान वर्गातली मुलं, ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई, खेळाचे शिक्षक, कुणीही चालेल. विचारायचे प्रश्न तीनच: तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो? तो केव्हा होतो? लोक नेमकं काय करतात? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कृतीत हवं. “मुलं पुस्तकं नीट वापरत नाहीत” यावर अ‍ॅनिमेशन होत नाही. “खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडतात” यावर होतं, कारण दुमडणं डोळ्याला दिसतं.

भेटीनंतर गटाने एकच वाक्य लिहायचं: *अमुक प्रेक्षकाने ही फिल्म पाहून अमुक करावं किंवा अमुक थांबवावं.* हे वाक्य फळ्यावर किंवा गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर शेवटपर्यंत राहू द्या. पुढचं प्रत्येक भांडण त्याच वाक्यापाशी सोडवता येतं.

याच कोपरा दुमडण्याच्या विषयावर माझ्या एका गटाने फिल्म केली. पुढे उदाहरण म्हणून तीच घेतो.

## टप्पा 2: पुष्कळ कल्पना, मग एकच

एक कागद आठ चौकोनांत दुमडा. आठ मिनिटं, आठ कल्पना, प्रत्येकाने एकट्याने, शब्द न वापरता चित्रात. पहिल्या तीन सगळ्यांच्या सारख्याच निघतात. कामाच्या कल्पना पाचव्या-सहाव्या चौकोनापासून पुढे सुरू होतात, म्हणून “सुचत नाही” म्हणणाऱ्याला थांबू देऊ नका.

निवडताना तीन चाळण्या लावा. आवाज बंद ठेवून कळेल का? दोन पात्रांत भागेल का? एका जागेवर घडेल का? तिन्हींना “हो” मिळालेली कल्पना घ्या. पाऊस, धूर, पाणी, गर्दी, उड्या मारणारा चार पायांचा प्राणी, हे सगळं पहिल्या फिल्ममधून बाहेर. त्या गोष्टी वाईट नाहीत, पण एकेक सेकंद तास खाऊन टाकतो.

## टप्पा 3: हालचालीचा सराव

गोष्ट ठरली की मुलांना लगेच शूट करावंसं वाटतं. इथे एक तास थांबवा आणि सगळ्या गटांकडून एकच व्यायाम करून घ्या. हा तास चुकला तर पुढची सगळी हालचाल यंत्रासारखी दिसते.

कागदाचा एक गोल कापा. टेबलावर 24 सेंटिमीटरची पट्टी आखा. सेकंदाला 12 फ्रेमने हा गोल एका सेकंदात या टोकाचा त्या टोकाला न्यायचा आहे.

पहिल्यांदा दर फोटोला 2 सेंटिमीटर सरकवा. सुरुवातीचा एक फोटो, मग 12 वेळा सरकवून 12. चालवून बघा. गोल सरकतो, पण कुणीतरी दोरीने ओढल्यासारखा.

आता तेवढंच अंतर असं कापा: 0.5, 1, 1.5, 2, 3, 4, 4, 3, 2, 1.5, 1, 0.5 सेंटिमीटर. बेरीज तीच, 24. वेळही तोच. चालवल्यावर मात्र गोल हळूच निघतो, वेग घेतो आणि आपण होऊन थांबतो. वर्गात इथे हमखास “ओऽऽ” उमटतो. दोन्ही फिल्म एकापाठोपाठ दोनदा दाखवा आणि फरक मुलांनाच शब्दांत सांगू द्या. “जवळजवळ ठेवलं की हळू, लांब ठेवलं की जोरात” हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की व्याख्या सांगावी लागत नाही.

वेळ उरला तर डोळ्याची उघडझाप घ्या: एक फ्रेम अर्धा मिटलेला, दोन फ्रेम पूर्ण मिटलेला, एक फ्रेम अर्धा उघडा. चार फोटोंत निर्जीव कागद बघायला लागतो.

सावधान: “जास्त फ्रेम म्हणजे चांगली फिल्म” म्हणून मुलं सेकंदाला 24 मागतात. काम दुप्पट होतं आणि नवख्या हाताला इतकं बारीक सरकवता येत नाही, त्यामुळे हालचाल उलट थरथरते. 12 पुरेत. लहान मुलांना 8 सुद्धा चालतात. एकदा ठरवलेला आकडा मध्येच बदलू नका.

## टप्पा 4: स्टोरीबोर्ड आणि फ्रेमचा हिशेब

स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्टीतला एकेक शॉट एकेका चौकोनात काढलेली चित्रं. तो सुंदर नको, मोजलेला हवा. प्रत्येक चौकोनाखाली तीन गोष्टी: काय घडतं, किती सेकंद, किती फ्रेम. आमच्या गटाचा असा होता:

- शॉट 1: पुस्तक टेबलावर येतं. 3 सेकंद, 36 फ्रेम.
- शॉट 2: हात येतो, कोपरा दुमडतो. 3 सेकंद, 36 फ्रेम.
- शॉट 3: पुस्तकाचा चेहरा जवळून, कळवळतं. 2 सेकंद, 24 फ्रेम.
- शॉट 4: खुणेची पट्टी सरपटत येते, कोपरा उलगडते. 4 सेकंद, 48 फ्रेम.
- शॉट 5: पट्टी पानात शिरते, पुस्तक मिटतं, शांत. 3 सेकंद, 36 फ्रेम.

एकूण 15 सेकंद, 180 फ्रेम. आता वेळापत्रक. नवखा गट मिनिटाला तीन फोटो काढेल असं मी धरतो. 40 मिनिटांच्या तासात मांडामांड आणि आवराआवर वजा जाता 25 मिनिटं हाती लागतात, म्हणजे साधारण 75 फोटो. 180 फोटोंना अडीच तास लागतील, म्हणून शूटिंगला तीन तास. हा गुणाकार मुलांनाच करायला लावा. एक मिनिटाची फिल्म मागणारा गट 720 हा आकडा बघून आपण होऊन गप्प होतो.

## टप्पा 5: कच्ची फिल्म

याला दोन भाग आहेत आणि दोन्ही एकाच तासात बसतात.

पहिला भाग: स्टोरीबोर्डच्या पाच चित्रांचे पाच फोटो काढा आणि ॲपमध्ये प्रत्येक फोटो त्याच्या सेकंदांइतका थांबवा. यालाच अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. दहा मिनिटांत 15 सेकंदांची फिल्म “दिसते”. चित्रं हलत नाहीत, पण कुठला शॉट रेंगाळतो आणि कुठला डोळ्यासमोरून निसटतो ते लगेच कळतं.

दुसरा भाग: सर्वांत अवघड शॉट निवडा आणि तो रद्दी कागदाच्या कपट्यांनी प्रत्यक्ष हलवून शूट करा. रंग नाही, चेहरा नाही, सेट नाही. आमच्यासाठी तो शॉट 2 होता, कोपरा दुमडण्याचा.

मुलं इथे हट्ट करतात, “थोडं छान करून घेऊ का?” नाही म्हणा, आणि का ते सांगा. ज्या बाहुलीवर चार तास घालवले तिच्यातली चूक बदलायला मन धजत नाही. कपटा फेकून द्यायला कुणालाच काही वाटत नाही. म्हणूनच बदल कपट्यावर करून घ्यायचे.

तपासा: कच्च्या फिल्ममध्ये पाचही शॉट आहेत का? अवघड शॉट खरोखर हलवून पाहिला का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 6: चाचणी

कच्ची फिल्म त्याच प्रेक्षकाला दाखवा ज्याच्यासाठी ती केली आहे. शेजारचा गट चालणार नाही, त्यांना गोष्ट आधीच माहीत असते. तीन प्रेक्षक पुरतात.

करणाऱ्या गटासाठी नियम: फिल्म दोनदा दाखवायची आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मग एकच प्रश्न: “काय झालं ते सांग.” “आवडली का?” विचारलं तर सगळे “हो” म्हणतात आणि त्या “हो”चा काही उपयोग नसतो. गटातला एकजण प्रेक्षकाचे शब्द जसेच्या तसे लिहितो, सुधारून लिहीत नाही.

आमच्या गटाने फिल्म पहिलीतल्या तीन मुलांना दाखवली. एक मुलगी म्हणाली, “पुस्तक मान डोलावतंय.” दुसरा म्हणाला, “त्याला झोप आली.” तिसरं काहीच बोललं नाही. कोपरा दुमडलेला कुणालाच दिसला नव्हता. वर्गात परत आल्यावर गट शॉट 2 एकेक फ्रेम पुढे ढकलून पाहू लागला. दुमडण्याला दोनच फ्रेम दिल्या होत्या, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. शिवाय पान पांढरं, पानाची मागची बाजूही पांढरी. दुमडलेला त्रिकोण पानावरच विरून जात होता. रागावलेला मुलगा म्हणाला, “पण आम्ही तर दुमडलाय!” त्याच्या शेजारची हळूच म्हणाली, “तुला माहीत आहे म्हणून दिसतंय.”

त्यांनी तीन बदल केले. दुमडण्याला 10 फ्रेम दिल्या, त्यानंतर 6 फ्रेमचा थांबा घातला, आणि पानाची मागची बाजू लाल केली. दुसऱ्या चाचणीत तिघांनी “पान दुमडलं, त्याला दुखलं” असं सांगितलं. हे बदल रद्दी कागदावर झाले, वीस मिनिटांत.

वहीत तीन रकाने आखून घ्या: *प्रेक्षक काय म्हणाला, का म्हणाला असेल, आम्ही काय बदलणार.* मधला रकाना मुलं रिकामा सोडतात. तिथेच त्यांना थांबवा.

## टप्पा 7: पात्रं आणि सेट

आता क्ले किंवा पक्के कटआउट.

कटआउटचे हात-पाय वेगळे कापून सांध्यावर मागून चिकट पुट्टीची गोळी लावा. टाचणी किंवा बटण लावलं तर सांधा सुटा फिरतो आणि नको तेव्हा हलतो. डोळे व तोंड वेगळे, बदलता येतील असे ठेवा: तीन तोंडं, दोन प्रकारचे डोळे, बस.

क्ले घेतली तर तेलाची घ्या, पाण्याची क्ले दिव्याखाली वाळून तडकते. पात्र 10-12 सेंटिमीटर उंच, पाय जाड, डोकं हलकं. चालायचं असेल तर आत अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार दुहेरी पिळून घाला. एकाच जागी पुनःपुन्हा वाकवली की तार तुटते, म्हणून एक सांगाडा जादा करून ठेवा. फिक्या रंगाचं काम आधी आणि गडद रंगाचं नंतर, नाहीतर पांढऱ्यावर काळे ठसे उमटतात.

सेटचा रंग पात्राच्या रंगापेक्षा वेगळा हवा. मोबाइलमधून बघा आणि डोळे बारीक करा. पात्र तरीही उठून दिसलं तर ठीक.

## टप्पा 8: शूटिंग

क्रम असा, आणि तो मोडू नका:

1. पडदे लावा. उन्हावर विसंबलात तर ढग आला-गेला की फिल्म लुकलुकते.
2. पंखे बंद. कागदाचे कपटे उडतात.
3. दोन दिवे डावी-उजवीकडून तिरके लावा. मोबाइलची सावली चौकटीत पडते का ते बघा.
4. मोबाइल बांधा. स्टँडच्या पायांभोवती चिकटपट्टीने खुणा करा.
5. फोकस, प्रकाश आणि रंगछटा, तिन्ही लॉक करा.
6. पाच फोटो काहीही न हलवता काढा आणि चालवून पाहा.

सहावी पायरी लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. न हलवलेल्या पाच फोटोंत उजेड कमी-जास्त होत असेल तर लॉक नीट लागलेलं नाही किंवा दिवा लुकलुकतोय. शटर, म्हणजे फोटो घेताना उजेड किती वेळ आत येतो ते, हाताने ठरवता येत असेल तर वीज 50 हर्ट्झची असते तिथे 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60 किंवा 1/120.

चौघांची कामं: एक हलवणारा, एक फोटो काढणारी, एक फ्रेम मोजून स्टोरीबोर्डवर खूण करणारा, एक चौकटीवर नजर ठेवणारी. फोटो काढणारीने “हात?” विचारायचं, बाकीच्यांनी “बाहेर!” म्हणायचं, मगच बटण. पोरकट वाटेल, पण फोटोत बोट येणं याने जवळजवळ थांबतं. कामं शॉट संपल्यावर बदला, मध्येच नाही. प्रत्येक हाताची सरकवण्याची सवय वेगळी असते. गडद बाहीचे कपडे घातलेले बरे, पांढरा शर्ट पुढे-मागे झाला की सेटवर उजेड हलतो. बटणाला बोट लावल्याने मोबाइल हलत असेल तर ब्लूटूथचं शटर किंवा तारेच्या इअरफोनचं आवाजाचं बटण वापरा. बऱ्याच मोबाइलवर ते चालतं.

हलवताना पात्राचा जो भाग हलायचा आहे त्यालाच हात लावा. क्लेच्या पात्राला सगळीकडे दाबलं तर पडद्यावर त्याची कातडी उकळल्यासारखी दिसते.

सावधान: दर 12 फ्रेमनंतर चालवून पाहा. चूक तिथेच सापडली तर दोन-तीन फोटो पुसून भागतं. चाळीस फोटोंनी सापडली तर अख्खा शॉट जातो.

मोबाइलला धक्का लागलाच तर रडारड नको. ऑनियन स्किन लावा, आधीच्या फोटोतली सेटची कड आणि आताची कड जुळवा. जुळली नाही तर तिथेच शॉट संपवा, मोबाइल मुद्दाम जवळ न्या आणि नवा शॉट सुरू करा. थोडासा सरकलेला कॅमेरा चूक वाटतो, चांगला जवळ गेलेला कॅमेरा प्रेक्षक सहज स्वीकारतो.

शॉटच्या शेवटी 6 फ्रेम जादा काढून ठेवा. कापताना हाताशी लागतात.

## टप्पा 9: जोडणी आणि आवाज

पात्र बोलणार असेल तर आवाज शूटिंगच्या आधी रेकॉर्ड झालेला हवा, कारण तोंडाच्या फ्रेम त्यावरून मोजायच्या असतात. पहिल्या फिल्ममध्ये संवाद टाळावेत असंच मी सुचवेन. आवाज मात्र हवेत, आणि ते मुलांनीच करावेत: कोपरा दुमडताना कागद चुरगाळणं, पट्टी सरपटताना नखाने कापडावर ओरखडणं. तयार गाणं उचलून लावू नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं.

पडद्यावर अक्षरं असतील तर ती मनात सावकाश दोनदा वाचून होतील इतका वेळ ठेवा. फाइल ॲपमधून बाहेर काढा आणि दुसऱ्या यंत्रावर चालते का ते बघा. काही ॲपमध्ये प्रकल्प आणि फिल्म या दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रकल्प पुसला की फोटोही जातात, म्हणून फिल्म बघून खात्री झाल्याशिवाय काही पुसू नका.

## टप्पा 10: गुण कशाला द्यायचे

फिल्म देखणी झाली की गुण जास्त, असं केलं तर ज्याच्या घरी चांगला मोबाइल आहे तो जिंकतो. मी कच्ची आणि पक्की फिल्म शेजारी शेजारी लावतो आणि वही उघडी ठेवतो. चाचणीतलं कुठलं वाक्य कुठल्या बदलात उतरलं ते गटाने बोट ठेवून दाखवायचं. “मान डोलावतंय” हे वाक्य, लाल त्रिकोण आणि 10 फ्रेम एका ओळीत दाखवता आले तर त्या भागाचे पूर्ण गुण. हालचालीचे वेगळे, गटात काम केल्याचे वेगळे.

पक्की फिल्मही त्याच प्रेक्षकाला दाखवायला नेतो आणि प्रश्न तोच विचारतो: “काय झालं ते सांग.” उत्तर वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहिलं जातं. फिल्ममध्ये किंवा श्रेयनामावलीत मुलांचे चेहरे व नावं येत असतील तर ती बाहेर कुठे टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. कटआउटचे तुकडे गटाच्या नावाच्या पाकिटात ठेवा. एखादा शॉट पुन्हा काढायची वेळ येते, आणि तेव्हा नेमकं तोंड सापडत नाही.